फ्लोरिडातली ‘अमेंडमेंट ३’: ट्रम्पही हो म्हणतात, हॅरिसही हो म्हणतात. मग उमेदवार जोखायचा कशावर?

टॅम्पावाला
१६ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी.

यंदा मार्चमध्ये सिटिझन झालो, त्यामुळे अध्यक्षपदासाठी हे माझं पहिलंच मत. सोमवारपासून आमच्याकडे आगाऊ मतदान सुरू होतंय. मिल्टन वादळाला आठवडा झाला, तरी गल्लीत भिजलेले गालिचे, फुगलेलं ड्रायवॉल आणि मोडलेल्या फांद्या यांचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून आहेत. कचऱ्याची गाडी कधी येईल देव जाणे. टपालपेटी मात्र रोज निवडणुकीच्या पत्रकांनी भरते, आणि त्यातली निम्मी गांजावर. एकावर ट्रम्प यांचा फोटो आणि ‘येस ऑन ३’. दुसऱ्यावर मुलांच्या खेळाच्या मैदानाचा फोटो आणि ‘नो ऑन ३’.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेंडमेंट ३ म्हणजे फ्लोरिडा राज्याच्या घटनेत दुरुस्ती, मतदारांनी थेट ठरवायची. २१ वर्षांवरच्या कोणालाही तीन औंसांपर्यंत, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम गांजा जवळ बाळगता येईल. आज ज्या कंपन्यांकडे वैद्यकीय गांजाचा परवाना आहे त्या तो सगळ्यांना विकू शकतील. घरी कुंडीत रोप लावायला परवानगी नाही. पास व्हायला ६० टक्के मतं लागतात. या ‘हो’च्या प्रचारात एकट्या ट्रूलिव्ह या गांजा विकणाऱ्या कंपनीने दहा कोटी डॉलरांहून जास्त पैसे ओतलेत, म्हणजे त्यांना यात काय दिसतंय ते उघड आहे.

आता उमेदवार. ट्रम्प यांनी सप्टेंबरमध्ये ट्रुथ सोशल या त्यांच्या समाजमाध्यमावर लिहिलं की फ्लोरिडाचा रहिवासी म्हणून मी स्वतः ‘हो’ला मत देणार. हॅरिस यांनी परवाच कृष्णवर्णीय पुरुष मतदारांसाठी एक कार्यक्रम जाहीर केला, त्यात देशभर गांजा कायदेशीर करण्याचं आश्वासन आहे. आमचे गव्हर्नर डिसँटिस ट्रम्प यांच्याच पक्षाचे, पण ते कडाडून विरोधात. म्हणतात, रस्तोरस्ती वास येईल. सिनेटर रिक स्कॉटही विरोधात. थोडक्यात, पक्ष बघून काही कळत नाही, आणि वरचे दोघं तर एकाच सुरात गातायत.

घरात तीन मतं आहेत. बायको ठाम ‘नो’. मुलगा १९ वर्षांचा, इथेच जन्मलेला, त्याला हा प्रश्न चर्चेचा वाटतच नाही. आणि नाशिकचा भाचा, एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, एमएस करतोय, शनिवार-रविवार आमच्याकडे असतो. तो म्हणतो, “मामा, पास झालं की मग टेन्शनच नाही.”

विचारायचं हे: या विषयावरची उमेदवाराची भूमिका तुम्ही कशी तपासता? दोघं सारखंच बोलत असतील तर हा मुद्दा सरळ बाजूला ठेवायचा का? आणि तुमच्या राज्यात हे आधीच झालं असेल तर उमेदवार बोलले त्यातलं प्रत्यक्षात काय उतरलं?

गांजा चांगला की वाईट यावर कीर्तन नको, ही हात जोडून विनंती.

---

वसुधा_न्यूजर्सी
१७ ऑक्टोबर २०२४

टॅम्पावाले, कीर्तन करणार नाही, पण उत्तर लांबेल. चहा घेऊन बसा.

मी या देशात नव्वदच्या दशकापासून आहे. नोकरी सगळी फार्मसीच्या काउंटरमागे, आता निवृत्त. उमेदवार काय बोलतो याला मी फारशी किंमत देत नाही. तो ज्या खुर्चीसाठी उभा आहे त्या खुर्चीतून ही गोष्ट होते का, आणि आधी कुठल्या खुर्चीवर असताना त्याने काय केलं, एवढंच बघते. असं का, ते आमच्या राज्याची कथा ऐकलीत की कळेल.

आमच्याकडे, न्यू जर्सीत, आधी गव्हर्नर होते क्रिस ख्रिस्ती. २०१५ मध्ये ते अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा गांजा आधीच कायदेशीर केलेल्या कोलोरॅडोवाल्यांना जाहीर सांगत होते की जानेवारी २०१७ पर्यंत काय मजा करायची ती करून घ्या, मी आलो की केंद्राचा कायदा लावणार. ते आलेच नाहीत, तो विषय संपला. मग २०१७ मध्ये फिल मर्फी गव्हर्नरपदाला उभे राहिले. वचन काय, तर पहिल्या शंभर दिवसांत गांजा कायदेशीर. निवडून आले. दोन्ही सभागृहांत त्यांच्याच पक्षाचं बहुमत. तरीही राज्याच्या सिनेटमध्ये लागणारी २१ मतं काही जमेनात. २५ मार्च २०१९ ला मतदान ठरलं होतं, ते ऐनवेळी रद्द केलं. विरोध करणारे कोण? त्यांच्याच पक्षातले. नेवार्कचे सिनेटर रॉन राइस, कृष्णवर्णीय, पूर्वीचे पोलिस अधिकारी, ते म्हणत होते की बाळगण्याबद्दल पकडू नका, पण माझ्या वस्तीत दुकानं उघडू नका. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं.

शेवटी आमदारांनी हात झटकले आणि प्रश्न मतदारांकडे पाठवला. नोव्हेंबर २०२० मध्ये ६७ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. सही झाली फेब्रुवारी २०२१ मध्ये, पहिली विक्री २१ एप्रिल २०२२ ला. शंभर दिवसांचं वचन चार वर्षांवर गेलं, आणि मर्फी मनापासून बाजूने होते बरं का! खोटं बोलत नव्हते. फक्त ती गोष्ट त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हती.

पुढचा अंक आणखी गमतीचा. कायद्याने प्रत्येक गावाला ऑगस्ट २०२१ पर्यंत मुदत दिली: तुमच्या हद्दीत दुकान नको असेल तर तसा ठराव करा. राज्यातल्या बहुतेक गावांनी ‘नको’ असाच ठराव केला. आमच्या टाउनशिपच्या सभेला मी गेले होते. पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, एक माइक, बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. आपल्यातले एक गृहस्थ उठले. म्हणाले, मी स्वतः सार्वमतात ‘हो’ला मत दिलंय, पण त्या प्लाझात माझ्या मुलीचा अबॅकसचा क्लास आहे, तिथे दुकान नको. पाठोपाठ आणखी चारजण तेच बोलले, फक्त क्लास बदलला, कोणाचा कराटे, कोणाचं भरतनाट्यम. त्या पाच कौन्सिल मेंबरांची नावं सभेतल्या किती जणांना माहीत होती? निवडणुकीत त्यांना हा प्रश्न कोणी विचारला होता? तुमच्या नाक्यावर दुकान येणार की नाही हे ठरवणारे अध्यक्ष नव्हेत, ही माणसं.

आता दिल्ली, म्हणजे वॉशिंग्टन.

ट्रम्प अध्यक्ष असताना त्यांचे अॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, जेफ सेशन्स यांनी जानेवारी २०१८ मध्ये ओबामांच्या काळातला ‘कोल मेमो’ रद्द केला. त्या मेमोचा अर्थ एवढाच होता की राज्याने परवानगी दिली असेल तर केंद्राने सहसा मध्ये पडू नये. कोलोरॅडोचे सिनेटर कोरी गार्डनर, ते रिपब्लिकनच, इतके भडकले की त्यांनी न्याय खात्याच्या नेमणुकाच अडवून धरल्या. एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी त्यांना शब्द दिला, मग गाडी पुढे सरकली. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी फार्म बिलावर सही केली. त्यात हेम्प, म्हणजे टीएचसी (नशेचं द्रव्य) ०.३ टक्के किंवा त्याहून कमी असलेलं तेच झाड, कायदेशीर झालं. तुमच्या गॅस स्टेशनवर डेल्टा-८ च्या (हेम्पपासून केलेल्या नशेच्या) गमीजची पाकिटं लटकतात ना, ती या बिलाची कृपा. त्यामागे जोर होता केंटकीचे सिनेटर मिच मॅकॉनेल यांचा, शेतकऱ्यांसाठी. कुठल्या उमेदवाराने सभेत सांगितलं होतं की आम्ही पेट्रोलपंपावर नशेच्या गोळ्या आणणार? कोणीही नाही. पण झालं.

हॅरिस यांचंही तसंच जुनं पान उलटून बघा. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात प्रपोझिशन १९, म्हणजे गांजा कायदेशीर करण्याचं सार्वमत, आलं, त्याला त्यांचा विरोध होता. २०१४ मध्ये पत्रकाराने सांगितलं की तुमचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी गांजा कायदेशीर करा म्हणतात, तर त्या हसल्या. २०१८ मध्ये सिनेटर कोरी बुकर यांच्या गांजा कायदेशीर करण्याच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला, आणि २०१९ मध्ये तशाच हेतूचं ‘मोअर’ बिल सिनेटमध्ये स्वतः मांडलं. ते बिल हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, दोनदा पास झालं, डिसेंबर २०२० आणि एप्रिल २०२२ मध्ये. सिनेटमध्ये मतालाही आलं नाही. माणूस बदलतो, बदलू दे, मला त्याचा राग नाही. पण अध्यक्ष झाल्यावरही तीच सिनेट आडवी येणार, हे त्या भाषणात सांगत नाहीत.

बायडेन यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राच्या कायद्याखाली नुसता गांजा बाळगल्याबद्दल शिक्षा झालेल्यांना माफी दिली. मोठी बातमी झाली. त्यांच्याच अधिकाऱ्यांनी त्या दिवशी सांगितलं की केवळ एवढ्याच गुन्ह्यासाठी आज केंद्राच्या तुरुंगात कोणीही नाही. कपाळावरचा डाग पुसला गेला, तेही कमी नाही, पण फाटक उघडून कोणी बाहेर आलं नाही.

आणि हे ‘शेड्यूल ३’ प्रकरण. केंद्राने नशेच्या पदार्थांच्या याद्या केल्यात, त्यात शेड्यूल १ सगळ्यात कडक. दोघंही त्याच्या बाजूने बोलतात म्हणून नीट सांगते, कारण या विषयावर मी पोट भरलंय. आम्ही काउंटरवर मरिनॉल द्यायचो. केमो चालू असलेल्यांना उलट्या थांबाव्यात म्हणून, एड्सच्या पेशंटना भूक लागावी म्हणून. छोट्या गोल मऊ कॅप्सूल. आत तिळाचं तेल आणि त्यात टीएचसी, म्हणजे गांजात जे चढतं तेच, फक्त प्रयोगशाळेत बनवलेलं. ही कॅप्सूल १९९९ पासून शेड्यूल ३ मध्ये आहे. रोप मात्र १९७० च्या कायद्यापासून शेड्यूल १ मध्ये, हेरॉइनच्या शेजारी. फेंटानिल (अफूच्या जातीचं फार तीव्र द्रव्य) आणि कोकेन शेड्यूल २ मध्ये, म्हणजे कागदोपत्री गांजापेक्षा एक पायरी खाली! निक्सन यांनीच नेमलेल्या शेफर आयोगाने १९७२ मध्ये सांगितलं होतं की बाळगण्याला गुन्हा ठरवू नका. निक्सन यांनी अहवाल गुंडाळून ठेवला. आरोग्य खात्याने ऑगस्ट २०२३ मध्ये शेड्यूल ३ ची शिफारस केली, न्याय खात्याने या मे महिन्यात प्रस्ताव काढला, डीईएची, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याची, सुनावणी २ डिसेंबरला आहे. तो पास झाला तरी गांजा देशात ‘कायदेशीर’ होत नाही. सगळ्यात मोठा फायदा दुकानदारांना: आज आयकर कायद्याच्या २८०-ई कलमामुळे त्यांना भाडं, पगार असले खर्च वजा करता येत नाहीत, ते करता येतील. तुमची ती दहा कोटीवाली कंपनी उगाच नाही उत्साहात.

शेवटचं, तुमच्याच राज्यातलं. २०१६ मध्ये फ्लोरिडाने ७१ टक्क्यांनी वैद्यकीय गांजा मंजूर केला. मग आमदारांनी नियम केला की घ्या, पण ओढायचा नाही. ती बंदी उठवली कोणी? मार्च २०१९ मध्ये, आल्या आल्या, डिसँटिस यांनीच बिलावर सही केली. आता वास त्यांनाच सहन होत नाही.

---

माइलहाय_मराठी
१७ ऑक्टोबर २०२४

डेन्व्हरहून. वसुधाताईंनी इतिहास सांगितला, मी भाच्याकडे वळतो, कारण ते “मग टेन्शनच नाही” वाक्य वाचून मला घाम फुटला.

टेन्शन आहे. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा आहे, राज्याने काहीही पास करो. एफ-१, एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा), ग्रीन कार्ड, सगळ्यांना हे लागू. विमानतळावर अधिकाऱ्याने सहज गप्पांत विचारलं, “कधी ट्राय केलंय का?” आणि पोरगं हसत “हो, एकदा” म्हणालं, तर खटला नाही, अटक नाही, तरी नुसत्या त्या कबुलीवर प्रवेश नाकारता येतो. यूएससीआयएसने, म्हणजे इमिग्रेशन खात्याने, एप्रिल २०१९ मध्ये लेखी सूचना काढली: राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंध नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकतो. संबंध म्हणजे फक्त ओढणं नाही, त्या धंद्यातली नोकरीसुद्धा. त्या सुमारास आमच्या डेन्व्हरमधल्याच दोघांचे अर्ज या कारणावरून फेटाळले गेले. दोघं ग्रीन कार्डवाले, दोघं सरकारी परवाना असलेल्या दुकानांच्या धंद्यात कामाला होते.

माझ्यापुरतं सांगतो. मी एच-१बी वर असताना आमच्या ऑफिसात एका डिस्पेन्सरीचं (गांजाच्या दुकानाचं) बिलिंग सॉफ्टवेअर करायचं काम आलं. साधी स्टॉक आणि बारकोडची यादी, बाकी काही नाही. मॅनेजर गोरा, त्याला वाटलं मी नीतिमत्ता म्हणून नाही म्हणतोय. वकिलाला फी देऊन लेखी उत्तर आणलं तेव्हा त्याला पटलं. मी वकील नाही, तुम्ही भाच्यासाठी स्वतःचा गाठा. पण तोवर त्याला सांगा: हात लावू नकोस, फोनमध्ये फोटो ठेवू नकोस, आणि मित्राच्या गाडीत पाकीट दिसलं तर उतरून उबर कर.

बायडेन यांची माफीसुद्धा सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच होती. विद्यार्थी व्हिसावाले त्यात नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर. ट्रम्प आणि हॅरिस सारखंच बोलतायत असं तुम्ही म्हणता, पण नाही, आणि फरक नेमका इथेच आहे. ट्रम्प म्हणतात राज्यांनी ठरवावं, केंद्राने शेड्यूल ३ मध्ये टाकावं, बँकांचे व्यवहार सोपे करावेत. शेड्यूल ३ मध्ये असलेला पदार्थ हा ‘नियंत्रित पदार्थ’च राहतो, म्हणजे भाच्याच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. हॅरिस यांनी २०१९ मध्ये मांडलेलं ‘मोअर’ बिल गांजाला यादीतूनच काढून टाकत होतं, आणि त्यात इमिग्रेशनसाठी वेगळं कलम होतं की यावरून कोणाला प्रवेश नाकारायचा नाही, कोणाला हद्दपार करायचं नाही. ते पास होईल का, तर ताई म्हणतात तसं, सिनेट. पण कागदावर दोघं वेगळ्या जागी उभे आहेत.

जाता जाता आमच्या राज्याचं: २०१२ मध्ये आमचे गव्हर्नर हिकनलूपर, डेमोक्रॅट, विरोधात होते. पास झाल्यावर म्हणाले, केंद्राचा कायदा अजून तोच आहे, तेव्हा चीटोज आणि गोल्डफिशची (गांजा ओढून लागलेल्या भुकेला खातात त्या खाऊची) पाकिटं इतक्यात फोडू नका. मग त्याच माणसाने सगळी व्यवस्था उभी केली, आणि आज ते सिनेटर आहेत. विरोधातला उमेदवार निवडून आला म्हणजे काम बिघडेलच असंही नाही.

---

हिल्सबोरोचा_खडूस
१८ ऑक्टोबर २०२४

ऑरेगनमधलं हिल्सबोरो. टॅम्पावाल्यांची काउंटी पण हिल्सबरो, त्यामुळे तुमची वादळाची सूचना माझ्या आईला पुण्यात दिसते आणि ती मला फोन करते.

सगळे गांजावर बोलताय. आमच्याकडे तो २०१५ पासून आहे, कोणी मान वर करून बघत नाही. दुकान सलून आणि पिझ्झाच्या मध्ये असतं. मत देताना मी ‘ड्रग पॉलिसी’ या शब्दाखाली उमेदवार बाकीच्या गोष्टींवर काय म्हणतो ते बघायला शिकलो, कारण आमच्या राज्याने मोठा प्रयोग करून पाहिला.

नोव्हेंबर २०२० मध्ये मेझर ११० हे सार्वमत पास झालं, ५८ टक्क्यांनी. हेरॉइन, मेथ, काहीही असो, थोडं जवळ सापडलं तर गुन्हा नाही, १०० डॉलरचं चलन. हेल्पलाइनला फोन करून तपासणी करून घेतली तर तेही माफ. गांजाच्या करातले पैसे उपचार केंद्रांना. कागदावर मला आजही ते वाईट वाटत नाही. पण पोलिसांचा धाक लगेच गेला आणि उपचाराचे पैसे वाटायला सरकारला वर्ष-दीड वर्ष लागलं. मधल्या काळात फेंटानिल आलं. चलनं फाडली जायची, फोन जवळजवळ कोणी करायचं नाही. मी मॅक्स या लोकलगाडीने पोर्टलंडला कामाला जायचो. सकाळी सातच्या गाडीत एक मुलगा अॅल्युमिनियम फॉइल आणि नळी घेऊन बसलेला, पलीकडच्या बाकावर शाळेच्या दप्तरासह दोन मुली. मुलींनी फक्त जागा बदलली. त्यांना ते नवीन नव्हतं.

आता उमेदवार. २०२२ ला गव्हर्नरपदासाठी तीन बायका उभ्या होत्या. रिपब्लिकन क्रिस्टीन ड्रेझन आणि अपक्ष बेट्सी जॉन्सन, दोघींचं म्हणणं ११० रद्द करा. डेमोक्रॅट टीना कोटेक रद्द करायच्या विरोधात. कोटेक निवडून आल्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनीच पोर्टलंडच्या डाउनटाउनमध्ये फेंटानिलची आणीबाणी जाहीर केली, आणि १ एप्रिलला एचबी ४००२ या बिलावर सही केली. १ सप्टेंबरपासून बाळगणं पुन्हा गुन्हा. म्हणजे जिने “नको” म्हटलं तिनेच केलं. मला हे फसवणूक वाटत नाही. लोकमत फिरलं, आमदार फिरले, तीही फिरली. मे महिन्यात आमच्या शेजारच्या मल्टनोमा काउंटीचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी (निवडून येणारे मुख्य सरकारी वकील) माइक श्मिट याच मुद्द्यावर मार खाऊन हरले.

तेव्हा तुमच्या दोन अध्यक्षीय उमेदवारांना गांजाच्या तराजूत नका घालू, तिथे वजन सारखंच दिसणार. या देशात २०२३ मध्ये एक लाखाहून जास्त माणसं ओव्हरडोसने मेली, आणि त्यात गांजा नाही. फेंटानिलवर विचारा. ट्रम्प म्हणतात विकणाऱ्याला फाशी आणि सीमेवर कडेकोट बंदोबस्त. हॅरिस पण सीमेवरच्या तपासणीबद्दल बोलतात, पण फाशीबद्दल नाही. आणि व्यसन लागलेल्याला दवाखान्यात खाट कोण देणार, ते पैसे मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यातून, येतात. म्हणजे मेडिकेडवर उमेदवाराचं मत काय, हे त्याचं खरं ड्रग धोरण. पत्रकावर हे छापून येत नाही.

---

सदाशिव_पेठी
१८ ऑक्टोबर २०२४

इथून वाचतोय आणि हेवा वाटतोय. तुमच्याकडे उमेदवार निदान तोंड उघडतात. आमच्याकडे पुढच्या महिन्यात विधानसभा, आणि १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यावर कोणाची काय भूमिका हे विचारायची सोय नाही. त्या कायद्यात किलोभर गांजा म्हणजे ‘अल्प’, वीस किलोच्या वर ‘व्यापारी’ प्रमाण, आणि भांग मुळात व्याख्येतच नाही, कारण ती पानांची. लोकसभेत पतियाळाचे डॉ. धरमवीर गांधी हे या कायद्यात बदलासाठी खासगी विधेयक घेऊन लढलेले एक अपवाद. बाकी सगळ्यांचं धोरण एकच: छापा पडला की फोटो.

अवांतर संपलं. चालू द्या.

---

टॅम्पावाला
१९ ऑक्टोबर २०२४

सगळ्यांचे आभार. माइलहाय, तुमचं उत्तर भाच्याला मोठ्याने वाचायला लावलं. विमानतळाच्या ओळीवर आला तेव्हा आवाज खाली गेला. त्याची आई, म्हणजे माझी ताई, नाशिकहून फोनवर होती, त्यामुळे पुढचं काम आपोआप झालं.

वसुधाताई, मरिनॉलचं मुलाला सांगितलं. त्याचं म्हणणं, हे शाळेत का नाही शिकवत. बायको अजून ‘नो’वर आहे, पण तिचं कारण बदललं. आता ती म्हणते, घरी रोप लावू देत नाहीत आणि कंपनीला सगळं विकू देतात, हा कसला हक्क? एका शंकेचं उत्तर द्या: पास झालं तर फ्लोरिडात पण गावागणिक ‘नको’ म्हणता येईल का?

---

वसुधा_न्यूजर्सी
१९ ऑक्टोबर २०२४

दुरुस्तीच्या मजकुरात त्याचं उत्तर नाही. नियम तुमचे आमदार करतील. म्हणजे पुन्हा तेच: टालाहासीत, तुमच्या राज्याच्या राजधानीत, तुमच्या बाजूने कोण बसतंय ते बघा. तुमच्या बायकोचा मुद्दा मला आवडला. आमच्याकडेही दुकानातून विकत घेणं कायदेशीर, आणि परसात एक रोप लावलं तर मोठा गुन्हा, आजसुद्धा. यावर एकाही उमेदवाराला बोलायचं नसतं, कारण घरच्या रोपातून कर येत नाही.

---

टॅम्पावाला
६ नोव्हेंबर २०२४

अमेंडमेंट ३ पडली. ‘हो’ची मतं ५६ टक्क्यांच्या आसपास.

गंमत बघा, ट्रम्प यांनाही फ्लोरिडात साधारण ५६ टक्केच मिळाले. टीव्हीवर त्याला दणदणीत विजय म्हणतायत. गर्भपाताची अमेंडमेंट ४ तर ५७ वर जाऊन पडली. मुलगा सकाळपासून चिडलेला आहे, म्हणतो हे कुठलं गणित.

---

माइलहाय_मराठी
६ नोव्हेंबर २०२४

आमच्याकडे २०१२ साली ५५ टक्क्यांवर पास झालं होतं. तुमच्यापेक्षा कमी.

काल नेब्रास्काने वैद्यकीय गांजा सत्तरच्या वर टक्क्यांनी मंजूर केला, तोही ट्रम्प यांना भरभरून मतं देणाऱ्या राज्यात. आणि दोन्ही डकोटांनी सरसकट परवानगी नाकारली, तीही तशीच राज्यं. ट्रम्प ‘हो’ म्हणाले म्हणून त्यांचे मतदार ‘हो’ म्हणाले असं काही दिसत नाही.

---

हिल्सबोरोचा_खडूस
६ नोव्हेंबर २०२४

मुलाला सांगा, ६० टक्क्यांची ही अट फ्लोरिडाच्या मतदारांनीच २००६ मध्ये घातली. त्या दुरुस्तीचा नंबरही ३ होता, आणि ती पास झाली होती ५७.८ टक्क्यांनी. तेव्हा साधं बहुमत पुरत होतं.

---

टॅम्पावाला
६ नोव्हेंबर २०२४

हे त्याला आत्ता नाही सांगत, जेवण होऊ दे.

आता पुढे काय बघायचं?

---

वसुधा_न्यूजर्सी
७ नोव्हेंबर २०२४

डीईएची सुनावणी, पण ती तुमच्या हातात नाही. तुमच्या हातातलं सांगते. जूनमध्ये डिसँटिस यांनी हेम्पवर बंधनं घालणाऱ्या बिलावर व्हेटो वापरला होता. तसं बिल पुन्हा येणार. गॅस स्टेशनवरच्या त्या गमीजना वय, मात्रा, पाकिटावरची चित्रं यांचे नियम लागणार की नाही ते त्यात ठरेल. पंपावर पोराच्या नजरेसमोर लटकतात त्या गमीज, दुकानातला गांजा नव्हे. तुमच्या हाउसच्या आमदाराला आत्ताच लिहा, अधिवेशन सुरू झाल्यावर कोणी वाचत नाही.

---

टॅम्पावाला
७ नोव्हेंबर २०२४

लिहितो. आमदाराचं नाव कुठे मिळेल?

---

वसुधा_न्यूजर्सी
७ नोव्हेंबर २०२४

अहो, मंगळवारी तुमच्या मतपत्रिकेवरच होतं ना. अध्यक्षांच्या खाली, काही ओळी सोडून.